कागदाच्या टाळूला तेल

चाकण, १२ जानेवारी २०२५

गण्या,

मी एक माणूस बनवला. बनवायला नको होता.

तू म्हणशील परज्याची नवी थाप. थाप नाही राव, नीट वाच. तुमच्या आळंदीच्या संस्थेत मोबाइल बंदी, म्हणून दहावी नापास माणसाला पत्र लिहायची पाळी आली. भीमराज रिक्षावाल्याकडं देतोय. तो तुमच्या बाजूला रोज येतो. अक्षराला हसू नकोस.

तुला माहितीये, बरकतचाचाच्या रद्दीच्या दुकानात मला दिवसभर पेपरच पेपर. तिथंच मला ही खोड लागली. मोठे मोठे मथळे कापायचे आणि खळीनं कुठंतरी भलतीकडं चिकटवायचे. दिवाळीत वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्या भाऊच्या दातांच्या जागी ‘खड्डे’ ‘खड्डे’ ‘खड्डे’ लावलं, तो मीच. आख्खा चौक हसला. भाऊ पण हसला, पण त्याचा फोटो हसतच होता म्हणून कळलं नाही.

तर परवा गुरुवारी, कंपन्यांना सुट्टी होती, रस्ता मोकळा. त्या बंद वर्कशॉपची चुना मारलेली भिंत आहे ना, जिथून शिफ्टची पोरं चालत जातात, तिच्यावर मी आख्खा माणूस चिकटवला. माझ्याएवढा. छातीला सगळ्या ‘पाहिजेत’ जाहिराती. हेल्पर पाहिजेत, नापास चालेल. नाकाला शेअर बाजाराचा खाली जाणारा बाण. डोळ्यांना ‘मोफत नेत्रतपासणी’. तोंडाला ‘जाहीर नोटीस’. केसांना बिल्डरच्या जाहिरातीतला काळा भाग, त्यात पांढऱ्या अक्षरात ‘स्वप्नातलं घर’. उजवा हात खिशात. डावा हात लोकांना दाखवतोय असा, पण तिथंच कागद संपले आणि चाचा ओरडायला लागला, म्हणून तीनच बोटं केली. खाली मथळ्यांमधून अक्षरं जोडून लिहिलं, ‘याला ओळखा. ओळखल्यास स्वतःच्याच कानाखाली वाजवा.’

शुक्रवारी सकाळी मी समोरच्या टपरीवर चहा घेऊन हसायला तयार बसलो.

कोणी हसलंच नाही रे. फर्स्ट शिफ्टची पोरं येतात, थांबतात, त्या हाताकडं बघतात, पुढं जातात. एकानं हेल्मेट काढलं, उभा राहिला, परत घातलं. मी म्हणलं, “काय भावा, कसंय चित्र?” तो म्हणाला, “तू ओळखतो का त्याला?” मी नाही म्हणलं. तो म्हणाला, “मी ओळखतो. आठवत नाही फक्त.”

मी कुणाचाच चेहरा डोक्यात धरला नव्हता, आईशप्पथ.

तुझा,
परज्या

*

आळंदी, १७ जानेवारी

परज्या,

रामकृष्ण हरी. आधी तुझं शुद्धलेखन देवाच्या पायाशी ठेवतो, त्यानं सांभाळावं.

पत्र आलं तेव्हा आमच्या खोलीतली सगळी माउली मंडळी गोळा झाली, कोणाचं कोणाचं करत. मी म्हणालो मामाचं आहे, आणि घाटावर जाऊन एकटा वाचलं. दोनदा हसलो. हेल्मेटवाल्याच्या इथं हसू गेलं.

तुला खरंच कळलं नाही का, का वेड पांघरतोस? चाकणच्या रस्त्यावर तीन बोटांचा हात लावलास तू. तुमच्याच गल्लीत बघ. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम केलेले किती जण चहाचा कप उलट्या हातानं धरतात? तुझ्यासाठी कागद संपले. त्यांच्यासाठी तो हात कुणाचा तरी आहे. म्हणून हसले नाहीत.

यात भुताटकी काही नाही, घाबरू नकोस. पण काढून टाक. गुरुवारी जा, पाणी मार आणि खरवडून टाक. ज्याची मस्करी त्याला कळली नाही की ती मस्करी राहत नाही. हे कीर्तनातलं नाही, माझंच आहे.

पखवाजावर माझी बोटं सुजलीत. पाच आहेत अजून.

गणराज

*

चाकण, २६ जानेवारी

गण्या,

काढायला गेलो होतो. बादली घेऊन, उलथनं घेऊन. पण तिथं एक बाई बसली होती.

भिंतीला टेकून नाही, भिंतीकडं तोंड करून, दवाखान्यात पेशंटच्या कॉटजवळ बसतात तशी. साठीची असेल. लुगड्याला कांद्याचा वास, कारण ती मार्केटला कांदा निवडायला जाते. मला म्हणाली, “बादली कशाला आणलीस रं? धुवायचाय व्हय त्याला? थोडं कोमट तरी आणायचं.”

मला वाटलं फिरकी घेतेय. म्हणलं, “मावशी, कोण आहे हा?”

“ज्ञानदेव. माझा पोरगा.”

नाव सुभद्राबाई. पोरगा प्रेस शॉपला होता, ठेकेदाराकडून. दोन बोटं मशीननं घेतली तरी कामाला जात होता. मागच्या उन्हाळ्यात एक दिवस कामाला गेला तो आलाच नाही. ही गेटवर गेली तर म्हणाले, असा माणूस आमच्याकडं नव्हताच. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं नव्हता. खोलीमालक म्हणाला, भाडं तूच द्यायचीस, पोरगा मी बघितला नाही. “मलाच वाटाया लागलं बाबा, की मी पोरगं पैदा केलं का न्हाई? आन् मग ह्यो हितं उभा. बघ, हात दावतोय मला. ह्या हाताची बोटं गेली. दुसऱ्या हातावर माझं नाव गोंदलंय, जत्रेत. त्यो खिशात घातलाय, लाजतोय.”

मी उलथनं पाठीमागं धरलं.

आणि ऐक. ती एकटी नाही. रहमतबी म्हणून एक म्हातारी दापोडीहून लोकलनं, बसनं येते. ती म्हणते हा माझा नदीम आहे. बिहारचा एक पोरगा म्हणतो माझा भाऊ. तिघं एकमेकांच्या शेजारी बसतात आणि भांडत नाहीत! रहमतबी म्हणाली, “माथा मेरे वाले का है, हाथ इसके वाले का. रहने दे, जगह बहुत है.” पायाशी कुणीतरी डबा ठेवून जातं. कुणी गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवली, नुसती दोरी, कार्ड नाही.

सुभद्राबाई निघताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. काल म्हणाली, “केस किती कोरडं झाल्यात याचं. शनिवारी तेल आणते.”

ती त्याला घरी न्यायची वाट बघतेय रे. मला विचारते, “आज येतो म्हणला का?” तो कागद आहे हे मी तिला कसं सांगू? तू सांग. तू शिकतोयस ना तसलं.

परज्या

*

आळंदी, ३१ जानेवारी

परज्या,

तसलं इथं शिकवत नाहीत. टाळ शिकवतात आणि पहाटे उठवतात.

तू घाबरला आहेस, ते अक्षरावरून कळतं. पण मला वाटतं म्हातारी तुझ्यापेक्षा हुशार आहे. तिला कागद कळत नाही असं कसं होईल? कांदा निवडणारी बाई, सडका कुठला हे वरून ओळखते. ती दुःखात आहे, तिला बसायला जागा मिळाली, एवढंच. आपण देवळातला दगड धुतोच की. दगड आहे हे माहिती असून.

म्हणून सरळ सांग. मावशी, हा मी केला, रद्दीतून केला, चूक झाली. रडेल, दोन शिव्या देईल, मोकळी होईल. तिच्या पोराचं काय झालं ते तुलाही माहिती नाही आणि मलाही नाही. तो कुठं सुरतला, नगरला मजेत असेल. पोरं जातात निघून. भिंतीसमोर बसून तिचा जन्म जायला नको.

आमच्या इथं एक नवीन मुलगा आलाय. तो झोपेत रोज त्याच्या आईशी बोलतो, आणि सकाळी विचारलं तर त्याला आई नाही.

तेल लावलंन का तिनं? उगाच विचारतोय.

गणराज

*

चाकण, १० फेब्रुवारी

गण्या,

लावलंन. तेल लावलंन, आणि त्यातनंच सगळं बाहेर आलं.

शनिवारी बाटली घेऊन आली, खोबरेल. ओंजळीत घेतलं, चोळून गरम केलं आणि त्याच्या टाळूवर थापलं. लहान पोराला चोळतात तसं, गुणगुणत. तेल कागदात मुरलं. वडापावचा कागद तेलकट झाला की त्यातून पलीकडचं दिसतं ना, तसं झालं. ‘स्वप्नातलं घर’ फिकट झालं आणि त्याच्या आतून दुसरी अक्षरं वर यायला लागली. बारीक. उलटी. आधी मला वाटलं केसात उवा.

पेपरला दोन बाजू असतात रे. मी आयुष्यभर एकच बघून कापतोय.

ती गेल्यावर मी मोबाइलवर फोटो काढला आणि उलटा करून वाचला. जसं आहे तसं लिहितो.

‘...अनोळखी पुरुष, वय अंदाजे तीस, अंगात निळा शर्ट. डाव्या हाताची दोन बोटे नाहीत. उजव्या हातावर सुभद्रा असे गोंदलेले आहे. नातेवाइकांनी ओळख पटवण्यासाठी...’

पुढचं माझ्या कात्रीनं कापलं गेलं.

तू म्हणालास भुताटकी नाही. मग हे काय? मी ढिगातून तोच पेपर का ओढला? तीनच बोटं का केली? बाहेरून ‘याला ओळखा’ मी मस्करीत लिहिलं, आणि त्याच्या डोक्यात तेच लिहिलेलं होतं आधीपासून.

पोलिस चौकीत गेलो. म्हणलं माझा चुलत भाऊ आहे. हवालदार भला माणूस निघाला, खुर्ची दिली. म्हणाला, “मागच्या मे मधला. रस्त्याच्या कडंला सापडला होता, गाडीनं उडवलेला. पेपरात दिलं, वाट बघितली, कोणी आलं नाही. मग सरकारी खर्चानं अंत्यविधी केला. तू कुठं होतास?” मनात म्हणलं, आई गेटवर होती त्याची, साहेब. पेपर वाचता येत नाही तिला. आणि तो पेपर माझ्याकडं होता, रद्दीत.

ती आज परत आली होती. बोट लावून म्हणाली, “हितं काय उमटलंय रं?”

म्हणलं, तेलाचे डाग.

परज्या

*

आळंदी, १४ फेब्रुवारी

प्रज्वल,

तुझं पूर्ण नाव लिहितोय, म्हणजे चेष्टा नाही हे तुला कळेल.

आधीच्या पत्रात सुरतला मजेत असेल म्हणालो, ते शब्द मला टोचतायत. चुकलो मी. म्हातारीलाच जास्त कळत होतं असं म्हणालो, तेवढं खरं असू दे.

आता ऐक. ज्याचं शरीर मिळत नाही त्याच्यासाठी विधी आहे. पळसाची पानं आणि दर्भ घेऊन माणसाएवढा पुतळा करतात. डोक्याला नारळ ठेवतात. त्याला नावानं हाक मारतात आणि अग्नी देतात. मी घाटावरच्या एका गुरुजींशी बोललो, नाव न सांगता. ते म्हणाले, आई आली तर मी करेन, दक्षिणेचं बघू नका. म्हणजे तू चिकटवलास तसाच माणूस, पण जायला वाट असलेला. तुझा भिंतीवर अडकलाय.

पण त्याआधी तिला सांगावं लागेल. तुला जमणार नाही, म्हणून मी येतो. येत्या गुरुवारी सकाळच्या बसनं. मी सांगेन तिला.

का, ते पण लिहितो, तोंडानं कधी बोललो नसतो. माझे पप्पा गेले तेव्हा माझी बारावीची परीक्षा चालू होती. तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं पप्पा पुण्याला दवाखान्यात आहेत, बरे आहेत. तू रोज संध्याकाळी मला घ्यायला यायचास आणि जोक सांगायचास. मी हसायचो, परज्या. पप्पांना जाळून आलेल्या माणसाच्या जोकवर मी हसलो. शेवटचा पेपर झाल्यावर कळलं. तेव्हापासून मला कोणी हसवायला लागलं की मी आधी घरातली माणसं मोजतो.

तिला असं ठेवू नका.

गणराज

*

चाकण, १८ फेब्रुवारी

गण्या,

येऊ नकोस. हे पत्र भीमराजला सांगितलंय हातातच दे, दारात ठेवू नको.

तुझ्या पप्पांच्या वेळी माझं चुकलं रे. मी तेव्हा जोक पाठ करून यायचो, रस्त्यात रडून घ्यायचो, मग तोंड धुऊन तुझ्याकडं. तू मला मार. पण इथं वेगळं आहे, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र वाचून मी ठरवलं, निदान ते डोकं बदलतो. दुसऱ्या कुणी तिला वाचून दाखवायला नको. मागची बाजू तपासून चांगला काळा तुकडा घ्यायचा, एवढंच काम. दुपारभर रद्दी उपसली. बिल्डरच्या जाहिरातीमागं अनोळखी पुरुष. सोन्याच्या जाहिरातीमागं अनोळखी स्त्री, पायात जोडवी. मोबाइलच्या जाहिरातीमागं, घरातून कोणास काही न सांगता निघून गेला. बारीक बारीक चौकोन. एवढी वर्षं मी यातूनच भाऊला दात लावले, लोकांना वडे बांधायला कागद दिले. चाचा म्हणाला, “क्या ढूंढ रहा है रे?” म्हणलं, कोरी पाठ. तो म्हणाला, “अखबार में?”

शेवटी नुसताच पत्रा घेऊन गेलो, म्हणलं खरवडून टक्कल करतो. सुभद्राबाई आधीच येऊन बसलेली.

“केस कापतोस व्हय त्याचं?”

“मावशी, डाग...”

“बस खाली. डाग न्हाईत त्ये. तू वाचलंयस. तवापास्नं माझ्या डोळ्याला डोळा देत न्हाईस. वाच.”

गण्या, मी सांगणार होतो. खरंच. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं: “लिहिलंय, आई, मी बरा आहे. लांब काम लागलंय. जेवण वेळेवर मिळतं. तू काळजी करू नको.”

ती डोळे मिटून ऐकत होती. मग त्याच्या हाताकडं वळली. तीन बोटांवरून एकेक करून आपलं बोट फिरवलं. जिथं बोटं नव्हती तिथून पण फिरवलं. म्हणाली, “वाचतोस चांगलं. पर त्यो मला आई न्हाई म्हणायचा. आये म्हणायचा. आन् जेवण न्हाई, भाकर. उद्या नीट वाच.”

म्हणायचा म्हणाली, गण्या. म्हणतो नाही.

मग तळव्यावर उरलेलं तेल माझ्या टाळूला पुसलं आणि गेली.

तिला सगळं माहितीये. कधीपासून, ते मला माहिती नाही. तेल तिनं का लावलं तेसुद्धा मला आता माहिती नाही. तुझ्यापासून आम्ही लपवलं होतं. इथं ती माझ्याकडून लपवून घेतेय. दुसऱ्या दिवशी मी वाचलं, “आये, भाकर मिळती.” ती म्हणाली, “आता कसं.”

तुझ्या पळसाचं मी तिला विचारलं, आडून. म्हणलं, आळंदीला असं असं करतात. ती म्हणाली, “ठावं हाय. करीन की. पर आधी त्याचं समदं बोलून होऊ दे. वरीसभर गप होता त्यो.” तेव्हा गुरुजींना सांग, थांबा. ती येईल, तिच्या पायानं येईल.

पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं. आता खरं सांगतो. मला भीती वाटतेय.

काल रहमतबी तेलाची बाटली घेऊन आली. त्याच्या खांद्याला लावलं, तिथं तिचा नदीम आहे म्हणाली. “बेटा, मेरे वाले का भी पढ़.” खांद्यामागून काहीच आलं नव्हतं, नुसता चिकट डाग. मी आपलं मनानं सुरू केलं. अम्मी, ठीक हूं, खाना मिलता है. आणि मग मी म्हणालो, “अम्मी, साइकिल मत बेचना.”

सायकल मला कुठून सुचली? मी तिच्या घरी कधी गेलो नाही. नदीमला मी बघितलेला नाही. रहमतबीच्या हातातून बाटली पडली. त्या सायकलला आज गिऱ्हाईक येणार होतं. कुणालाच बोलली नव्हती ती, सुभद्राबाईला पण नाही.

आज सकाळी पाच-सहा बायका होत्या भिंतीपाशी. नवीन. सगळ्यांच्या हातात छोट्या छोट्या बाटल्या. एकीनं औषधाच्या बाटलीत तेल आणलं होतं. त्यांनी जागा करून दिली मला मध्ये बसायला. आणि गण्या, मी बसलो. बसल्यावर कान गरम होतात. मग मी काय बोलतो ते मी तेव्हाच ऐकतो, त्यांच्याबरोबर.

तू गुरुवारी आलास आणि खरं काय ते बोललास, तर हे सगळं एका मिनिटात मोडेल. तू खरा आहेस, मी लबाड, मान्य. पण हात जोडतो, कुणाला सांगू नको. माझ्या बापाला नको, तुमच्या महाराजांना नको, त्या झोपेत बोलणाऱ्या पोराला तर मुळीच नको, नाहीतर तो पण बाटली घेऊन येईल. हे पत्र इंद्रायणीत सोड. फाडू नकोस, तुकडे कुणीतरी उचलतं.

कळलं की लोक बघायला येतील, मोबाइल घेऊन, हसायला. या बायका यायच्या बंद होतील. मग तो भिंतीवर एकटा राहील रे, आणि त्याचं बोलून झालेलं नाही अजून.

परज्या